भयकथांच्या कॉमिकचे मुखपृष्ठ रंगवताना: ब्रश, एअरब्रश आणि मुंबईची दमट हवा

भयकथांच्या कॉमिकसाठी मी रंगवलेले पहिले मुखपृष्ठ एका जुलै महिन्यात वाया गेले. कथा मुंजाची होती. बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीतून उगवलेला पिंपळ, त्याच्या फांदीवर बसलेला मुलगा आणि खाली पसरलेले धुके, एवढेच चित्र होते. धुक्यावर शेवटचा हात फिरवत असताना एअरब्रशच्या, म्हणजे दाबलेल्या हवेने रंग फवारणाऱ्या पेनसारख्या साधनाच्या, तोंडातून फवाऱ्याऐवजी पाण्याचा टपोरा थेंब निघाला आणि थेट मुलाच्या कपाळावर पडला. तो टिपायला गेलो तर खालचा रंगही टिपकागदाबरोबर निघून आला. बिघाड एअरब्रशमध्ये असावा असे समजून मी तो तीन वेळा उघडून धुतला. खरे कारण कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेले पाणी होते, हे फार उशिरा कळले.

ज्यांना चित्र काढता येते, पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक हाताळण्याची सवय आहे, परंतु ज्यांनी छपाईसाठी मुखपृष्ठ रंगवलेले नाही आणि एअरब्रश कधी हातात धरलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. उदाहरण म्हणून मुंजाचे तेच चित्र शेवटपर्यंत वापरतो, कारण करता येण्यासारख्या बहुतेक चुका मी त्या एका चित्रात करून घेतल्या होत्या.

आपल्याकडे एअरब्रश नवा नाही. रघुवीर मुळगावकरांनी देवादिकांच्या चित्रांत आणि मुखपृष्ठांवर त्याचा वापर ज्या सफाईने केला, ती सफाई मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांच्या डोळ्यांत बसलेली आहे. नवशिक्याची अडचण नेमकी तिथेच सुरू होते. गुळगुळीत त्वचा, मागे तेजाचे वलय आणि कुठेही न बोचणारी कडा ही लक्ष्मीच्या चित्राला शोभते, मात्र त्याच पद्धतीने हडळ रंगवली की तीही प्रसन्न वाटू लागते. एअरब्रश कडा मिटवतो, आणि भीती वाटण्यासाठी चित्रात एका ठिकाणी तरी धारदार कडा लागते. ती जागा कोणती, हे ठरवून मगच पुढचे सारे करावयाचे आहे.

१. काम स्वीकारण्यापूर्वी: माप, करार आणि कागदपत्रे

प्रकाशकाकडून सर्वप्रथम पुस्तकाचे छापील माप लेखी मागून घ्यावे. अमेरिकी पद्धतीच्या कॉमिकचे माप १६८ × २६० मिलिमीटर असते. आपल्याकडे मापे बदलतात, म्हणून गृहीत धरू नये. या मापाच्या चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीत जाणारा रंगीत भाग, धरला की १७४ × २६६ मिलिमीटर होतात. मूळ चित्र याच्या दीडपट, म्हणजे २६१ × ३९९ मिलिमीटर रंगवावे असा माझा आग्रह आहे. दुप्पट मापात काम करणे हाताला सोपे जाते हे खरे, परंतु दीडपट चित्र ए-थ्री स्कॅनरच्या काचेवर एका वेळी मावते आणि दुप्पट चित्र मावत नाही. दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडलेल्या धुक्यात जोड लपत नाही.

त्याच वेळी आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: कॉमिकचे नाव वरच्या किती भागात येणार, किंमत आणि बारकोड कोणत्या कोपऱ्यात बसणार, आणि चित्र पाठीमागच्या पृष्ठापर्यंत न्यायचे आहे का. माझ्या चित्रात पिंपळाची सर्वांत देखणी फांदी नावाच्या अक्षरांखाली गेली, कारण मी हे विचारलेच नव्हते.

कराराबाबत एक गोष्ट बहुतेक चित्रकारांना ठाऊक नसते. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणी चित्र रंगवून घेतले आणि त्याविरुद्ध काही ठरलेले नसेल, तर त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक रंगवून घेणारा ठरतो. चित्र आपण काढले म्हणजे हक्क आपोआप आपलाच राहिला, ही समजूत येथे उपयोगी पडत नाही. म्हणून हक्क स्वतःकडे ठेवून केवळ छापण्याची परवानगी द्यायची असेल, तर तसे काम सुरू होण्यापूर्वी लिहून घ्यावे. हक्क लेखी हस्तांतरित करताना मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता मानला जातो. मूळ चित्राचा कागद कोणाकडे राहणार, हा कॉपीराइटहून वेगळा मुद्दा आहे आणि त्याचे वाक्यही वेगळेच असावे.

जवळ ठेवायची कागदपत्रे थोडीच आहेत: सही केलेला करार किंवा निदान सर्व अटी असलेला ई-मेल, मंजूर केलेल्या कच्च्या आराखड्याची प्रत, पॅन कार्ड, बँकेचा तपशील आणि क्रमांक घातलेले बिल. आराखडा मंजूर झाल्यानंतर किती बदल विनामूल्य, हेही त्यात यावे.

२. साहित्य आणि ते कोठे मिळते

मुंबईत ही खरेदी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून एका दिवसात पायी होते. रंग, ब्रश आणि चांगला कागद यांसाठी फोर्ट–काळा घोडा परिसरातील कलासाहित्याची दुकाने, साधा कागद, पुठ्ठे आणि किरकोळ स्टेशनरीसाठी अब्दुल रहमान स्ट्रीट, आणि हवेची नळी, जोडणीचे भाग व पाणी अडवणारा फिल्टर यांसाठी नागदेवी स्ट्रीट. शेवटची वस्तू कलासाहित्याच्या दुकानातही मिळते, पण नागदेवीला तुमच्या कॉम्प्रेसरच्या आट्यांना बसणारा भाग शोधून देणारी माणसे भेटतात. जोडणीचा जुना भाग खिशात टाकून न्यावा, तोंडी वर्णन करून काम भागत नाही.

एअरब्रश डबल ॲक्शन प्रकारचा, वर वाटी असलेला आणि ०.३ मिलिमीटर नोझलचा घ्यावा. डबल ॲक्शन म्हणजे बटण खाली दाबले की हवा येते आणि मागे ओढले की रंग येतो; दोन्हींवर वेगवेगळा ताबा राहतो. ०.२ मिलिमीटरचे नोझल बारीक रेघेसाठी मोह पाडते, पण ॲक्रिलिकने ते सतत तुंबते आणि नवशिक्याचा निम्मा वेळ सुई पुसण्यात जातो. कॉम्प्रेसर टाकीचा असावा. टाकी नसलेल्यात हवा धडधडत येते आणि ती धडधड रेघेत उतरते. दाब दाखवणारा गेज आणि पाण्याचा फिल्टर यांवर पैसे वाचवू नयेत.

कागद ३०० जीएसएमचा हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाचा घ्यावा, अन्यथा जाड इलस्ट्रेशन बोर्ड. खरखरीत जलरंगी कागदावर फवाऱ्याचे कण खळग्यांत साचतात आणि धुके पुरळ उठल्यासारखे दिसते. फ्रेमवाल्याकडचा माउंट बोर्ड स्वस्त असतो, परंतु मास्किंग टेप काढताना त्याचा वरचा पापुद्रा निघून येतो.

रंगांत मुख्य थरांसाठी ॲक्रिलिक, फवाऱ्यासाठी एअरब्रशचे तयार ॲक्रिलिक किंवा ॲक्रिलिक शाई, आणि अगदी शेवटच्या अपारदर्शक स्पर्शांसाठी पोस्टर कलर अथवा गॉश पुरेसे आहे. कॅम्लिनचे पोस्टर कलर शाळेत वापरले म्हणून कमी लेखू नयेत, पांढऱ्या आणि काळ्याचे काम ते चोख करतात. मात्र हे रंग सुकल्यावरही पाण्याने पुन्हा उठतात, त्यामुळे त्यांच्यावर काहीही फवारू नये. माझ्या मुंजाचे कपाळ थेंबाबरोबर निघून आले ते याच कारणाने.

याखेरीज फ्रिस्केट फिल्म (फवारा नको तो भाग झाकण्यासाठीची हलकी चिकट फिल्म), ट्रेसिंग पेपर, धारदार कटर, ओएचपी शीट (पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद), कमी चिकट मास्किंग टेप, जुना दातांचा ब्रश, रंगीत पेन्सिली आणि जुने सुती कापड लागते. कापड भरपूर लागते.

३. घरातली जागा आणि श्वास

आपल्यापैकी बहुतेकांना स्वतंत्र स्टुडिओ नसतो, आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीच्या खिडकीशीच टेबल मांडावे लागते. एअरब्रशचा फवारा दिसेनासा झाला तरी हवेत राहतो, फ्रिजवर बसतो आणि फुप्फुसांतही जातो. पाण्याच्या रंगांसाठी निदान एन-९५ मास्क नाकावर नीट बसलेला असावा. बांधलेला रुमाल उपयोगाचा नाही. थिनर किंवा अन्य ज्वलनशील द्रव फवारायचा असेल, तर वाफ शोषणारे कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटरच हवा, आणि खोलीत पेटती शेगडी, देवापुढचा दिवा किंवा उदबत्ती असता कामा नये. माझा सल्ला असा की, घरात राहून काम करायचे असेल तर थिनरवर चालणारे रंग फवारूच नयेत.

काही रंग पाण्यातले असूनही फवारायचे नसतात. ट्यूबच्या मागे रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो. पीआर १०८ म्हणजे कॅडमियम लाल, पीवाय ३५ आणि ३७ म्हणजे कॅडमियम पिवळा, पीबी २८ म्हणजे कोबाल्ट निळा. हे ब्रशने लावण्यास हरकत नाही, परंतु त्यांचे कण श्वासातून आत जाणे घातक आहे. फवाऱ्यासाठी त्यांच्या जागी नॅफ्थॉल लाल, हंसा पिवळा, थॅलो निळा आणि अल्ट्रामरीन घ्यावेत. भयचित्रात लाल रंग हमखास फवारला जातो, म्हणून हे आधीच पाहून ठेवावे.

खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा लावून टेबल त्याच्या शेजारी ठेवावे. कॉम्प्रेसरखाली दुमडलेली सतरंजी किंवा रबरी पायपुसणे घातले की खालच्या मजल्यावर पोहोचणारी घरघर बरीच कमी होते. दुपारी एक ते चार या वेळेत तो चालवू नये, एवढे पथ्य पाळल्यास सोसायटीत संबंध टिकतात.

४. टाकीतले पाणी

मुंबईच्या हवेत जून ते सप्टेंबर इतका ओलावा असतो की, कॉम्प्रेसरने ती हवा दाबून टाकीत भरली आणि ती थंड झाली की तिच्यातले पाणी सुटून टाकीच्या तळाशी जमते. पुरेसे जमले की ते नळीतून पुढे सरकते आणि रंगाबरोबर थुंकले जाते. यावर तीन उपाय एकत्र करावे लागतात. रोज काम संपल्यावर टाकीखालची तोटी उघडून पाणी काढून टाकावे. पाण्याचा फिल्टर कॉम्प्रेसरवर असतोच, शिवाय दुसरा छोटा फिल्टर एअरब्रशजवळ नळीत जोडावा, कारण हवा नळीत असतानाही थंड होत राहते. आणि प्रत्येक वेळी चित्राकडे वळण्यापूर्वी रिकामा फवारा एका टाकाऊ कागदावर दहा-पंधरा सेकंद मारून पाहावा. कागदावर ओला ठिपका दिसला तर चित्राला हात लावू नये.

पावसाळ्यात कागदही ओलावा पितो आणि फुगतो. तो कामाच्या आधी पूर्ण भिजवून, गमटेपने पाटावर चारही बाजूंनी ताणून चिकटवावा आणि पूर्ण वाळू द्यावा. वाळायला इतर ऋतूंत रात्र पुरते, आषाढात दीड-दोन दिवस लागतात. केस वाळवायच्या यंत्राने घाई केली की एक कोपरा आधी आकसतो आणि टेप सुटतो.

५. हात बसवणे

चित्र सुरू करण्यापूर्वी निदान आठवडाभर वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर आणि रद्दी कागदांवर सराव करावा. रंग दुधाइतका पातळ करावा. वाटीच्या कडेवर फिरवला असता तो दुधासारखा ओघळून मागे पातळ पडदा ठेवतो. दाब सुमारे २० पीएसआय ठेवावा. आधी हवा सुरू करायची, मग रंग ओढायचा, आणि थांबताना आधी रंग बंद करून मग हवा सोडायची. हा क्रम उलटला की रेघेच्या दोन्ही टोकांना गोळे येतात. कागदापासून सेंटिमीटरभर अंतरावर बारीक रेघ मिळते, १५ सेंटिमीटरवर मऊ पडदा मिळतो. मनगट न हलवता कोपरापासून हात फिरवावा.

रेघ तुटक येऊ लागली तर सुईच्या टोकावर रंग सुकला आहे असे समजावे आणि ओल्या ब्रशने ते हलकेच पुसावे. वाटीत बुडबुडे आले तर नोझल सैल आहे किंवा तुंबले आहे. रंग बदलताना वाटी धुवावी आणि दिवसाच्या शेवटी सुई काढून पुसावी. सुई परत बसवताना ती नोझलमध्ये जोराने ढकलू नये. नोझल फाटते, आणि त्याची किंमत चुटपुट लावण्याइतकी असते.

६. लघुरेखाटने आणि काळोखाची आखणी

कागदावर ५ × ८ सेंटिमीटरच्या चौकटी आखून निदान दहा रफ काढावेत, आणि त्यांत केवळ तीन टोन वापरावेत: काळा, मधला करडा आणि पांढरा. चौकट हाताच्या अंतरावर धरली असता आकृती कळत नसेल, तर रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या टपरीवर ती कोणालाही कळणार नाही. पहिले तीन रफ टाकूनच द्यावेत, कारण त्यांत कवटी, वटवाघूळ आणि पौर्णिमेचा चंद्र आपोआप येऊन बसतात.

मुंजाच्या चित्रात मी प्रथम मुलाचा चेहरा पूर्ण दाखवला होता, आणि तो रागावलेल्या शाळकरी मुलासारखा दिसत होता. अखेरच्या रफमध्ये चेहरा सावलीत गेला आणि उजेडात उरले ते फांदीवरून लोंबणारे दोन पाय, अंगावरचे जानवे आणि डोक्यावरच्या शेंडीची बाह्यरेषा. जो मुलगा मुंज होऊन सोडमुंजीआधी गेला, त्याची ओळख पटण्यास तेवढे पुरते. वाचक जानव्याची पांढरी रेघ ओळखतो, वर चेहरा शोधतो आणि तिथे काळोख सापडतो. चित्रातली एकमेव धारदार कडा मी त्या जानव्याला दिली, बाकी सर्व कडा धुक्यात विरघळू दिल्या.

रंगयोजनाही याच टप्प्यावर ठरवावी. दोन विरोधी उजेड पुरेसे होतात. माझ्या चित्रात खालून रस्त्याच्या जुन्या सोडियम दिव्याचा नारिंगी उजेड येतो आणि वरून निळसर हिरवा चंद्रप्रकाश. मुंबईतले बरेचसे रस्ते आता पांढऱ्या एलईडीने उजळले असले, तरी वाचकाच्या आठवणीतली रात्र अजून नारिंगी आहे.

७. संदर्भ गोळा करणे

खालून पडणारा उजेड कल्पनेने रंगवू नये. घरातला दिवा बंद करून एखाद्या भाच्याला स्टुलावर बसवावे, खाली टॉर्च ठेवावा आणि मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. पावलांच्या तळव्यांवर, गुडघ्यांच्या वाटीखाली आणि हनुवटीखाली उजेड कसा पडतो, हे पाहिल्यावर आपल्या रेखाटनातल्या निम्म्या सावल्या चुकलेल्या आढळतात. भिंतीतून उगवलेले पिंपळ लालबाग–परळच्या जुन्या इमारतींवर बाहेरूनच हवे तितके दिसतात, बंद आवारात शिरण्याची आवश्यकता नाही. मुळे विटांच्या सांध्यांतून कशी सरकतात आणि गिलावा कसा फुगवतात, ते जवळून टिपावे. इतरांची छायाचित्रे किंवा चित्रे संगणकावरून उचलून जशीच्या तशी वापरू नयेत. त्यातून कज्जा उद्भवू शकतो, आणि उजेडाची दिशाही जुळत नाही.

८. रेखाटन उतरवणे आणि पहिला थर

अंतिम रेखाटन ट्रेसिंग पेपरवर करून त्याच्या मागच्या बाजूला ४बी पेन्सिल घासावी, कापसाने ती पसरवावी आणि कडक पेन्सिलने गिरवून कागदावर उतरवावे. दुकानातला निळा कार्बन पेपर वापरू नये. त्यात मेण असते, पाण्याचा रंग त्यावरून घसरतो आणि निळी रेघ वरच्या थरांतून डोकावत राहते.

पहिला थर एकाच रंगात करावा. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिळून जो गडद रंग होतो तो ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा जिवंत असतो, आणि दोहोंचे प्रमाण बदलून ऊब किंवा गारवा आणता येतो. पातळ ॲक्रिलिकचे वॉश देत तीन टोन ब्रशने बसवावेत. येथे एअरब्रशला हात लावण्याचा मोह होतो, तो आवरावा. हा थर मोबाइलवर काळ्या-पांढऱ्यात टिपून मंजूर रफशी ताडून पाहावा. येथे चुकलेला काळोख पुढे कितीही फवारला तरी सावरत नाही.

९. मास्क आणि फवारा

फ्रिस्केट फिल्म लावण्यापूर्वी ॲक्रिलिक पूर्ण वाळलेले असावे, आणि पावसाळ्यात त्यासाठी अख्खा दिवस द्यावा. कापताना कटर केवळ फिल्म कापेल इतकाच दाब हवा, कारण कागदात पात्याची चीर पडली की तिच्यात पुढचा प्रत्येक रंग साठतो आणि आकृतीभोवती काळी तार ओढल्यासारखी दिसते. उष्ण खोलीत फिल्म रात्रभर चिकटवून ठेवू नये. उरलेले सर्व भाग वर्तमानपत्राने झाकावेत आणि टेपच्या कडा नखाने दाबाव्यात. ओव्हरस्प्रे, म्हणजे आकाराबाहेर उडालेला रंग, फटीतून आत जातो आणि टेप काढेपर्यंत दिसत नाही.

सर्वच कडा फिल्मने कापल्या तर चित्र कात्रणे चिकटवल्यासारखे वाटते. म्हणून मी फिल्म केवळ मुलाच्या आकृतीला लावली, गिरणीच्या भिंतीसाठी फाडलेला कागद दोन-तीन मिलिमीटर उचलून धरला, आणि धुक्यासाठी कापसाचा विरळ पुंजका वापरला. मास्क जितका उचलाल तितकी कडा मऊ होते.

धुके रंगवताना एक विचित्र अनुभव येतो. गडद भागावर पांढरा रंग फवारला की तो पांढरा न दिसता निळसर दिसतो. उदबत्तीचा धूर काळ्या पार्श्वभूमीवर निळसर दिसतो, त्याच कारणाने. विरळ बारीक कण निळा उजेड अधिक विखुरतात. चंद्रप्रकाशातल्या धुक्याला ही निळाई फुकट मिळते. सोडियम दिव्याजवळच्या धुक्यात मात्र ती घात करते, आणि नारिंगी उजेड आजारी व खडूसारखा दिसू लागतो. तेथे आधी पांढरा हलका फवारा मारावा, तो वाळू द्यावा आणि त्यावर पारदर्शक पिवळा, मग नारिंगी ॲक्रिलिक शाईचा पातळ पडदा द्यावा. पांढऱ्यात नारिंगी कालवून एकदम फवारले तर हा परिणाम येत नाही.

प्रत्येक पडदा अगदी विरळ असावा आणि दोन पडद्यांमध्ये खुर्चीवरून उठून भिंतीपर्यंत मागे जाऊन पाहावे. धुके आणखी हवे असे वाटते तेव्हाच थांबावे. पहिल्या चित्रात मी थांबलो नाही, आणि पिंपळाची मुळे, जी चित्रातली सर्वांत अंगावर येणारी गोष्ट होती, ती दुधात बुडाली.

१०. ब्रशने शेवट

एअरब्रश धुऊन ठेवून दिल्यावर खरे चित्र पुन्हा हातात येते. विटांचे टवके, मुळांच्या गाठी, पिंपळपानांची लांब टोके आणि ओल्या गिलाव्याची चकाकी हे सर्व शून्य ते तीन क्रमांकाच्या ब्रशने काढावे. भिंतीच्या खरखरीतपणासाठी दातांच्या ब्रशने रंग उडवावा. त्या आधी आकृती झाकावी. ॲक्रिलिकवर रंगीत पेन्सिलने घासले की पिंपळाच्या सालीला पोत येतो. बोर्डवर काम करत असाल, तर बारीक हायलाइट पात्याने खरवडूनही काढता येतात, कागदावर ते जपून.

दात आणि डोळ्यांचे पांढरे शुद्ध पांढऱ्याने रंगवू नये. सावलीतले पांढरे करडे-पिवळट असते, आणि शुद्ध पांढरा चित्रात एकाच ठिकाणी उरला तर नजर तिथेच जाते. माझ्याकडे तो जानव्यासाठी राखून ठेवला होता. रक्त रंगवायचे असल्यास मुळात लाल कमी आणि तपकिरी अधिक घ्यावा, आणि ओलेपणा केवळ एका बारीक, थंड हायलाइटने दाखवावा. भडक लाल रक्त छपाईत कुंकवासारखे दिसते.

सही कापणीच्या रेषेपासून निदान एक सेंटिमीटर आत करावी.

११. स्कॅन, छपाई आणि मूळ चित्राची जपणूक

वॉर्निश लावायचे असेल तर ते स्कॅननंतरच लावावे, कारण चकाकता पृष्ठभाग स्कॅनरचा उजेड परत फेकतो. दीडपट चित्र ४०० डीपीआयवर स्कॅन केले की छापील मापात ६०० डीपीआय मिळतात, ते भरपूर आहेत. स्कॅनर न मिळाल्यास चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांत एकसारखे दिवे ठेवून छायाचित्र घ्यावे.

छपाई चार शाईंची असते, आणि चकाकता नारिंगी, झळाळता हिरवा व फ्लोरोसंट रंग त्या चार शाईंत बसत नाहीत. गडद भागही कागदावर आणखी गडद होतात, आणि विनाकोटिंगच्या कागदावर तर मिटूनच जातात. त्यामुळे सावलीतले जे तपशील दिसायला हवेत, ते मूळ चित्रात आवश्यक वाटते त्याहून एक पायरी उजळ ठेवावेत. छापखान्याकडून ज्या कागदावर पुस्तक छापणार त्याच कागदावरचा नमुना मागावा. एका प्रकाशकाने मला तो संगणकाच्या पडद्यावर दाखवून समाधान मानायला लावले होते, आणि पुस्तकात पिंपळ काळ्या डागासारखा आला.

चित्र प्रत्यक्ष नेऊन द्यायचे असल्यास दोन पुठ्ठ्यांमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत टेपने बंद करून न्यावे आणि लोकलने सकाळी अकरानंतर निघावे. आठ-सत्तावन्नच्या फास्टमध्ये दीड फुटाचा पुठ्ठा घेऊन चढण्याचा प्रयोग मी एकदा केला आहे.

परत आलेले मूळ चित्र आडवे, आम्लरहित कागदांच्या मध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. बाथरूमला लागून असलेल्या किंवा पावसात ओल धरणाऱ्या भिंतीवर ते टांगू नये. पोस्टर कलरमधल्या डिंकावर बुरशी लवकर चढते, आणि ती चित्राच्या काळ्या भागावर पांढऱ्या ठिपक्यांनी प्रथम दिसते. गणपतीनंतर ऊन पडू लागले की एकदा चित्र बाहेर काढून, उन्हात न ठेवता, पंख्याखाली हवा द्यावी. पुस्तक छापून आले की त्याची प्रत मूळ चित्राशेजारी खिडकीच्या उजेडात ठेवून, कोणता टोन गेला, कोणता रंग मळला आणि कागद कोणता होता, हे चित्राच्या पाठीमागे पेन्सिलने लिहून ठेवावे.